चहा स्वस्त झाला होता, तरी बुडवला का? (अमेरिकन वसाहती विरुद्ध ब्रिटिश)

मुसाफिर (धागाकर्ता)

शाळेत आपल्याला बोस्टन टी पार्टी दीड ओळीत उरकून दिली. इंग्रजांनी चहावर कर बसवला, लोक खवळले, चहा समुद्रात, मग वॉशिंग्टन, मग स्वातंत्र्य, धडा संपला. इकडे मॅसॅच्युसेट्समध्ये राहायला आल्यापासून हा विषय जरा जास्त वाचत गेलो आणि पहिला धक्का हाच बसला की १७७३ च्या टी अ‍ॅक्टने चहा महाग झालाच नव्हता, चक्क स्वस्त झाला होता. पौंडामागे तीन पेन्सचा कर होता तो १७६७ पासूनचा जुनाच. नव्या कायद्याने एवढंच केलं की ईस्ट इंडिया कंपनीला इंग्लंडातली जकात माफ केली आणि मधले लिलाव, मधले व्यापारी गाळून माल थेट अमेरिकेत आपल्या ठरावीक एजंटांकडे पाठवायची मुभा दिली. म्हणजे कर भरूनही कंपनीचा चहा डचांकडून चोरून येणाऱ्या चहापेक्षा स्वस्त पडणार होता. आणि तरीही १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या लोकांनी तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात टाकल्या.

मग बिनसलं कुठे? माझं मत आधीच सांगून टाकतो, मग तुम्ही झोडा. भांडण किती पैसे द्यायचे याचं फार कमी होतं, आमच्याकडून किती घ्यायचे हे ठरवणारे तुम्ही कोण याचं होतं. आणि ते दहा वर्षं हळूहळू शिजत होतं.

सुरुवात १७६३ पासून धरा. फ्रान्सशी सात वर्षांचं युद्ध ब्रिटन जिंकलं, कॅनडा मिळाला, पण सरकारी कर्ज जवळजवळ दुप्पट झालं. त्यात अमेरिकेत दहा हजार सैन्य कायम ठेवायचं ठरलं, त्याचा खर्च कोण देणार? लंडनचं म्हणणं, ज्यांच्यासाठी लढलो त्यांनी थोडा भार उचलावा. ऐकायला रास्त वाटतं. वसाहतींचं म्हणणं, फ्रेंच तर गेले, मग आता हे सैन्य कुणासाठी? वर ऑक्टोबर १७६३ मध्ये राजाने फर्मान काढलं की अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करायची नाही. जी जमीन मिळावी म्हणून हे लोक लढले तीच बंद.

१७६४ चा शुगर अ‍ॅक्ट तर अजून मजेशीर. मळीवरचा कर गॅलनला सहा पेन्स होता तो तीनवर आणला, म्हणजे निम्मा केला, आणि लोक भडकले! कारण आधीचे सहा पेन्स कोणी भरतच नव्हतं, कस्टमवाल्याचा हात ओला केला की काम व्हायचं. आपल्याकडे कारखान्याच्या मळीपासून अल्कोहोल काढतात तसा न्यू इंग्लंडचा सगळा रमचा धंदा मळीवर चालायचा. आता कर निम्मा पण वसुली खरी, आणि पकडलं गेलं तर खटला नौदलाच्या कोर्टात, जिथे ज्यूरीच नाही.

लिहिता लिहिता लांबलं. स्टॅम्प अ‍ॅक्टवर कोणीतरी लिहा, मी जेवून येतो.

---

शेवंता

मस्त विषय, वाचतेय. एक बाळबोध प्रश्न, चालेल ना? "नो टॅक्सेशन विदाउट रिप्रेझेंटेशन" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, मग लंडनने सरळ दहा-पंधरा खासदारक्या देऊन प्रश्न का नाही मिटवला? एवढ्यावरून युद्ध म्हणजे हद्दच झाली.

---

कारकून

मी ब्रिटिशांची बाजू घेतो, कारण इथे कोणी घेणार नाही हे दिसतंय :)

इंग्लंडातला माणूस तेव्हा वसाहतीतल्या माणसापेक्षा कित्येक पट कर भरत होता. १७६३ मध्ये सायडरवर कर बसवला तर खुद्द इंग्लंडात दंगे झाले. स्टॅम्प ड्यूटी तिथे १६९४ पासून होती, कोणी क्रांती केली नाही. आणि रिप्रेझेंटेशनचं म्हणाल तर मँचेस्टर, बर्मिंगहॅमसारख्या वाढत्या शहरांनाही एक खासदार नव्हता, आणि ओल्ड सेरम नावाच्या ओसाड टेकाडाला दोन होते. पार्लमेंटचा युक्तिवाद असा की प्रत्येक खासदार सगळ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो, मँचेस्टरवाला गप भरतो तर बोस्टनवाल्याने पण भरावा. तेव्हाच्या हिशोबाने यात गैर काय होतं?

---

मुसाफिर

जेवण झालं. @कारकून, गैर काही नव्हतं, पण समोरच्याला ते पटणारं नव्हतं. व्हर्जिनियाची स्वतःची निवडून आलेली सभा १६१९ पासून चालू होती. दीडशे वर्षं प्रत्येक वसाहतीत कर स्थानिक सभाच ठरवायची, गव्हर्नरचा पगारसुद्धा बऱ्याच ठिकाणी तीच मंजूर करायची, आणि लंडन सोयीस्कर डोळेझाक करत होतं. एवढ्या काळात सवयीचा हक्क होतो. मग एक दिवस कोणी येऊन म्हणतं की हे सगळं आम्ही चालवून घेत होतो म्हणून चालत होतं.

@शेवंता, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. गंमत म्हणजे त्यांना खासदारक्या नकोच होत्या! ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी जमले, त्यांनी ठरावातच लिहिलं की एवढ्या अंतरामुळे लंडनच्या पार्लमेंटात आमचं प्रतिनिधित्व शक्यच नाही. म्हणजे कर लावायचा अधिकार फक्त आमच्या सभांना. दहा-पंधरा खासदार तिथे जाऊन दर वेळी मतदानात हरणार आणि वर "तुमचे लोक होते की" ऐकायला लागणार, हे कळण्याइतके वकील त्यांच्यात भरपूर होते.

---

झब्बू

स्टॅम्प अ‍ॅक्टचं मी घेतो.

पंतप्रधान ग्रेनव्हिल, मार्च १७६५ ला पास, १ नोव्हेंबरपासून लागू. कोर्टाचे कागद, जमिनीचे दस्त, वर्तमानपत्रं, पंचांगं, दारूचे परवाने, सगळ्याला शिक्क्याचा कागद. पत्त्यांच्या कॅटावर एक शिलिंग आणि फाशांच्या जोडीवर दहा! यात राजकीय अक्कल किती होती बघा, एकाच फटक्यात वकील, छापखानेवाले, गुत्तेवाले आणि जुगारी दुखावले. म्हणजे गावात ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा तेच सगळे.

बोस्टनमध्ये १४ ऑगस्टला स्टॅम्प वाटणाऱ्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला, त्याने लगेच राजीनाम्याची तयारी दाखवली. २६ तारखेला लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस हचिन्सनचं घर जमावाने अक्षरशः सोलून काढलं, भिंतींची लाकडी फळकुटंसुद्धा सोडली नाहीत. हा हचिन्सन लक्षात ठेवा, पुढे चहाच्या वेळी तोच गव्हर्नर होता आणि चहाच्या एजंटांत त्याची दोन पोरं होती. आणि त्याचा पगार कुठून? अर्थमंत्री टाउनशेंडने १७६७ ला बसवलेल्या करांतून, त्यात चहा आलाच. हितसंबंध म्हणजे किती ते.

१७६६ च्या मार्चमध्ये कायदा मागे घेतला, पण त्याच दिवशी दुसरा केला की पार्लमेंट वसाहतींसाठी "सर्व बाबतीत" कायदे करू शकतं. लोक फटाके उडवण्यात दंग, ते कलम फारसं कोणी मनावर घेतलं नाही.

---

पाटीलबुवा

सगळं ठीक आहे हो, पण जरा खरं पण बोलू. हे स्वातंत्र्यवीर म्हणजे अर्धे स्मगलर आणि अर्धे जमिनीचे दलाल. बोस्टनचा बडा व्यापारी जॉन हॅनकॉक, त्याचं "लिबर्टी" नावाचं जहाज १७६८ मध्ये कस्टमने जप्त केलं ते कशासाठी? वॉशिंग्टन डोंगरापलीकडच्या जमिनी हेरून ठेवायला माणूस लावत होता आणि १७६७ च्या पत्रात लिहितो की राजाचं फर्मान म्हणजे इंडियनांना (तिथल्या मूळ रहिवाशांना) गप्प करायची तात्पुरती सोय आहे. चहा स्वस्त झाला म्हणजे डच चहा आणणाऱ्यांचं दुकान बंद, म्हणून बुडवला. एवढं सोपं आहे. तत्त्वबित्त्व नंतर लावलेला मुलामा.

---

मुसाफिर

@पाटीलबुवा, तुमचं निम्मं मान्य. हॅनकॉकवर आरोप होतेच, जमिनीचंही खरं. पण स्मगलरांच्या नफ्यासाठी सगळा खेड्यापाड्यातला शेतकरी बंदूक घेऊन का उभा राहील? त्याला रमच्या धंद्यातलं काय मिळणार होतं? तुमच्या सिद्धांताची गाडी बोस्टन बंदराच्या बाहेर निघत नाही.

मधली वर्षं भरभर सांगतो. १७६७ ला टाउनशेंडने काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर कर लावले, आणि तो पैसा गव्हर्नर, न्यायाधीशांच्या पगाराला. म्हणजे स्थानिक सभेच्या हातात जी एक दोरी होती, ती पण कापली. लोकांनी इंग्लिश मालावर बहिष्कार टाकला. ऑक्टोबर १७६८ मध्ये बोस्टनमध्ये सैन्य उतरलं. सोळा हजारांचं गाव, त्यात हे लाल डगलेवाले, पगार तुटपुंजा म्हणून फावल्या वेळात दोरखंडाच्या कारखान्यात कमी मजुरीवर कामं मागायला जायचे. तिथल्या कामगारांशी त्यावरूनच हाणामारी झाली आणि थोड्याच दिवसांत, ५ मार्च १७७० ला गोळीबार, पाच मेले. त्यातला क्रिस्पस अ‍ॅटक्स हा आफ्रिकन आणि नेटिव्ह अमेरिकन वंशाचा खलाशी. आणि सैनिकांचं वकीलपत्र घेतलं कोणी, तर जॉन अ‍ॅडम्सने, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. कॅप्टन प्रेस्टन सुटला, दोघा शिपायांना सदोष मनुष्यवधासाठी अंगठ्यावर डाग दिला, बाकीचे सुटले.

त्याच वर्षी चहा सोडून बाकीचे कर रद्द झाले. चहाचा मुद्दाम ठेवला, उत्पन्नासाठी कमी आणि "आम्ही लावू शकतो" हे दाखवायला जास्त. म्हणून स्वस्त चहा म्हणजे सापळा वाटला. एकदा तो विकत घेतला की कर मान्य केला असं होणार.

---

मंदाकिनी

बहिष्काराबद्दल दोन शब्द, कारण त्यात बायका होत्या आणि धाग्यातल्या गोष्टीत अजून एकही बाई आलेली नाही. इंग्लिश कापड नको म्हटल्यावर सूत कोण कातणार? गावोगावी बायका जमून दिवसभर चरखे चालवायच्या आणि वर्तमानपत्रात त्याच्या बातम्या यायच्या. घरात चहा करायचा की नाही हे पण त्याच ठरवणार होत्या, त्यामुळे त्यांच्याशिवाय बहिष्कार एक आठवडा टिकला नसता.

दुसरं म्हणजे "आम्हाला गुलाम करताय" असं ओरडणारे कित्येक जण स्वतः गुलाम बाळगून होते. लंडनमध्ये लेखक सॅम्युअल जॉन्सनने १७७५ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं, की स्वातंत्र्यासाठी सगळ्यात मोठा गळा गुलामांच्या मालकांचाच कसा काय. १७७३ मध्येच मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामांनी स्वतःच्या मुक्तीसाठी अर्ज केले होते, त्यांना दाद मिळाली नाही. आणि चहाच्या जहाजांतलं जे "डार्टमाउथ", त्याच्यावरच फिलिस व्हीटलीच्या कवितांच्या पुस्तकाच्या प्रती लंडनहून आल्या होत्या. ती बोस्टनमध्ये गुलाम म्हणून विकली गेलेली मुलगी. चहा बुडाला, पुस्तकं वाचली.

नोव्हेंबर १७७५ ला व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने जाहीर केलं की बंडखोर मालकांचे जे गुलाम आमच्या बाजूने लढतील ते मोकळे. झालं, दक्षिणेतले जे जमीनदार तळ्यात-मळ्यात करत होते ते एकदम क्रांतिकारक झाले.

---

शेवंता

+१ मंदाकिनी. हे पुस्तकांचं माहीतच नव्हतं.

ईस्ट इंडिया कंपनी मधेच कुठून आली पण? तो चहा आपल्याकडचा होता का, आसामचा वगैरे?

---

इतिहासवेडा

नाही नाही, आसामचा चहा पुढच्या शतकातला. पेट्यांमधला सगळा माल चिनी होता, बराचसा बोही नावाचा काळा चहा. पण हिंदुस्थानाशी संबंध आहेच, आणि तो सरळ आहे.

१७६५ ला कंपनीला बंगालची दिवाणी (महसूल वसुलीचा हक्क) मिळाली, लंडनमध्ये शेअर वर गेले, सगळ्यांना वाटलं आता सोन्याची खाण. १७६९-७० ला बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला, माणसं लाखोंनी मेली. त्यात सैन्याचा खर्च, कंपनीच्या नोकरांची लूट, आणि १७७२ मध्ये लंडनच्या बाजारात पतसंकट. कंपनी बुडायला आली आणि गोदामात कोट्यवधी पौंड चहा पडून. सरकारने १७७३ मध्ये तिला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, कंपनीच्या कारभारावर अंकुश ठेवणारा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट केला (त्यातूनच वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल झाला) आणि चहा खपावा म्हणून टी अ‍ॅक्ट. सगळं एकाच वर्षात.

आणि अमेरिकेतल्या लोकांना हे माहीत होतं बरं का. पेनसिल्व्हेनियाचा जॉन डिकिन्सन टोपणनावाने १७७३ च्या नोव्हेंबरात लिहितो की या कंपनीने आशियात काय केलं ते बघा, माणसांच्या हक्कांची आणि जिवांची तिला काय किंमत आहे ते तिथे दिसलं, आता ती इकडे येतेय. म्हणजे बंगालचा दुष्काळ फिलाडेल्फियात चर्चेत होता. पाटीलबुवा, नुसतं डच चहाचं दुकान नव्हतं ते, कंपनीची मक्तेदारी म्हणजे काय याची खरीखुरी धास्ती होती.

अवांतर: १७८२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचं नाव "हैदर अली" होतं. इंग्रजांशी लढणारा म्हणून. त्या जहाजाने डेलावेअरच्या खाडीत इंग्रजांचं मोठं जहाज पकडलंसुद्धा. आणि यॉर्कटाऊनला १७८१ मध्ये ज्याचं सैन्य शरण गेलं तो कॉर्नवॉलिस १७८६ ला आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला, आणि टिपूविरुद्ध मराठे त्याच्या बाजूने होते. वडगावला इंग्रजांची नाचक्की झाली तो जानेवारी १७७९, म्हणजे तिकडे अमेरिकेत लढाई चालू असतानाच. त्यावर वेगळा धागा काढतो, इथे नको.

---

कारकून

@इतिहासवेडा, काढाच. पण मला एक सांगा मंडळी, चहा बुडवणं ही सरळसरळ खासगी मालमत्तेची नासधूस होती, साधारण साडेनऊ हजार पौंडांची. लंडनमध्ये वसाहतींची बाजू मांडणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनला पण ते पटलं नव्हतं. कुठलंही सरकार काय करेल?

---

मुसाफिर

सरकारने जे केलं तिथेच खरी क्रांती झाली, आणि माझ्या मते धाग्याचा मुख्य मुद्दा हाच आहे, त्यामुळे आता जरा सविस्तर.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाने चहाची जहाजं परत लावली, चार्ल्सटनला चहा उतरवून गोदामात कुलूपबंद झाला. बोस्टनला हचिन्सन अडून बसला, की जकात भरल्याशिवाय जहाज परत जाऊ देणार नाही. वीस दिवसांची मुदत संपायच्या आदल्या रात्री चहा पाण्यात. लंडनने १७७४ मध्ये शिक्षा म्हणून कायदे केले. १ जूनपासून बोस्टन बंदर बंद, चहाची भरपाई होईपर्यंत. याने बोस्टन उपाशी पडेल असं वाटलं, तर कनेक्टिकटहून मेंढ्यांचे कळप आले, साऊथ कॅरोलिनाहून तांदूळ आला.

पण बंदराचा कायदा बोस्टनपुरता. दुसरा जो होता, मॅसॅच्युसेट्स गव्हर्नमेंट अ‍ॅक्ट, तो प्रत्येक खेड्यात घुसला. वसाहतीच्या सभेचं वरचं मंडळ आता राजा नेमणार. न्यायाधीश, शेरीफ गव्हर्नर नेमणार. ज्यूरी शेरीफ निवडणार. आणि गावसभा वर्षातून एकदाच, जास्त हवी तर परवानगी काढा, आणि तीही ठरलेल्याच विषयांवर. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात कधी बोही चहा चाखला नव्हता, त्याच्या पण लक्षात आलं की उद्या सावकाराने कर्जापायी जमिनीवर दावा लावला तर जज त्यांचा, ज्यूरी त्यांची, आणि गावात जमून बोलायची पण चोरी.

मग १७७४ च्या उन्हाळ्यात काय झालं ते शाळेत कोणी शिकवत नाही. ऑगस्टमध्ये ग्रेट बॅरिंग्टनला लोकांनी कोर्टाला घेराव घातला आणि कोर्ट बसूच दिलं नाही. ६ सप्टेंबरला वूस्टरला आसपासच्या गावांतून साडेचार हजारांहून जास्त लोक आले, गावागावाच्या तुकड्या करून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले, आणि राजाचे न्यायाधीश, वकील, अधिकारी यांना हातात टोपी धरून मधून चालायला लावलं. प्रत्येक तुकडीपुढे थांबून राजीनामा मोठ्याने वाचायचा, मागच्यांना ऐकू आला नाही म्हणून परत वाचायचा, असं तीसेक वेळा. एक गोळी उडाली नाही. बोस्टन सोडलं तर मॅसॅच्युसेट्सच्या मुख्य भूमीवर जवळजवळ सगळीकडे राजाचं कोर्ट त्या वर्षअखेर बंद पडलं होतं.

४ ऑक्टोबरला वूस्टरच्या गावसभेने आपल्या प्रतिनिधीला, टिमथी बिगेलोला, जो धंद्याने लोहार होता, लेखी सूचना दिली की राजाने वसाहतीला दिलेली जुनी सनद आता संपली असं समजून नवं सरकार उभारायला लागा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा यायला अजून एकवीस महिने होते!

आणि @कारकून, तुमच्यासाठी खास: त्याच शरद ऋतूत मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी स्वतःची प्रोव्हिन्शियल काँग्रेस बसवली, आणि तिने गावांना सांगितलं की कर राजाच्या खजिनदाराकडे, हॅरिसन ग्रेकडे, पाठवू नका, आमच्या हेन्री गार्डनरकडे पाठवा. कर माफ केला नाही, पत्ता बदलला. त्या पैशातून बंदुका, दारूगोळा. त्याच साठ्यातला काँकॉर्ड गावातला माल जप्त करायला ब्रिटिश सेनापती जनरल गेजने १९ एप्रिल १७७५ ला सातशेच्या आसपास सैनिक पाठवले आणि वाटेतल्या लेक्सिंग्टन गावच्या मैदानावर पहिले आठ जण पडले. म्हणजे तिथे क्रांती सुरू झाली नाही, झालेली क्रांती मोडायला ते आले होते.

---

झब्बू

जबरदस्त. वूस्टरचं पहिल्यांदाच वाचलं.

फक्त एक भर, की यानंतरही वर्षभर बहुतेकांना राजा हवाच होता. बोस्टनजवळ बंकर हिलच्या लढाईत जून १७७५ मध्ये हजारावर ब्रिटिश सैनिक मेले-जखमी झाले, आणि जुलैत सगळ्या वसाहतींची एकत्र काँग्रेस राजाला विनवणीचा अर्ज पाठवतेय! राग सगळा पार्लमेंटवर, महाराज बिचारे चांगले, मंत्री वाईट. तिसऱ्या जॉर्जने अर्ज हातात न घेता ऑगस्टमध्ये वसाहतींना बंडखोर म्हणून जाहीर केलं आणि जानेवारी १७७६ ला टॉमस पेनच्या "कॉमन सेन्स" या पुस्तिकेने राजेशाहीचीच खिल्ली उडवली. म्हणून जाहीरनाम्यातल्या तक्रारी बघा, सगळ्या "त्याने हे केलं, त्याने ते केलं" अशा. पार्लमेंटचं नावसुद्धा घेतलेलं नाही. ९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये राजाचा शिशाचा पुतळा पाडला आणि वितळवून त्याच्या गोळ्या पाडल्या.

---

पाटीलबुवा

वूस्टरवाला मुद्दा घेतला, शेतकऱ्याचं पटलं. पण जमिनीचे दलाल हे दलालच, ते मी सोडणार नाही. आणि जे राजाच्या बाजूने होते त्यांचं काय केलं ते पण लिहा की, डांबर आणि पिसं कोणाला फासली?

---

मुसाफिर

लिहितो ना. कस्टमच्या जॉन माल्कमला जानेवारी १७७४ मध्ये बोस्टनच्या थंडीत डांबर-पिसं फासून गाडीतून गावभर फिरवलं, तो प्रकार वाचवत नाही. युद्धानंतर राजनिष्ठ म्हणून साठेक हजार लोक देश सोडून गेले, बरेचसे नोव्हा स्कोशियाकडे. हचिन्सन तर १ जून १७७४ लाच, बंदर बंद झालं त्याच दिवशी, लंडनला निघाला. तो मॅसॅच्युसेट्समध्येच जन्मलेला, पाचव्या पिढीचा. परत येता आलं नाही, १७८० मध्ये तिकडेच वारला.

---

शेवंता

आणि चहाचे पैसे? कंपनीला कोणी दिले का शेवटी?

---

मुसाफिर

नाही. १७७४-७५ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये पडद्यामागे बोलणी चालली होती तेव्हा फ्रँकलिन भरपाईची हमी स्वतः घ्यायला तयार होता, अट एवढीच की मॅसॅच्युसेट्सविरुद्धचे सगळे कायदे मागे घ्या. लंडन म्हणालं बंदराचं बघू, पण गव्हर्नमेंट अ‍ॅक्ट राहणार. मार्च १७७५ मध्ये तो सामान बांधून जहाजावर चढला, फिलाडेल्फियाला पोचेपर्यंत लेक्सिंग्टन होऊन गेलं होतं.